परक्या रक्तावर पारखलेलें औषध

७ ऑगस्ट २०२४ रोजीं दिल्लीच्या औषध-नियंत्रकांच्या कचेरींतून एक आदेश निघाला. अमेरिका, इंग्लंड, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा व युरोपीय संघ यांनीं संमत केलेल्या औषधांची येथील रोग्यांवर पुन्हां परीक्षा पाहण्याची अट कांहीं ठराविक वर्गांपुरती माफ करतां येईल, असा त्याचा आशय आहे. दुर्मिळ रोगांवरील औषधें, जनुकांवर व पेशींवर चालणारे नवे उपचार, प्रचलित उपचारांहून फार पुढें गेलेलीं औषधें, हे त्यांतले मुख्य वर्ग. या आदेशाचें स्वागत करणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचा हेतु वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परदेशांत उपलब्ध झालेलें औषध येथील रोग्यास दहा वर्षांनीं मिळावें, हें कोणास रुचेल? परंतु हेतु चांगला असला म्हणजे युक्तिवादहि चांगला असतो असें नाहीं. आणि हा युक्तिवाद आमच्या मतें मुळांतच पोकळ आहे.

आदेशाचा आधार २०१९ च्या औषध-परीक्षाविषयक नियमांत आहे. त्यांतील ७५ व्या नियमांत अशी माफी देण्यापूर्वीं पाळावयाच्या अटी सांगितल्या आहेत. त्यांपैकीं एक अट सबंध नियमांत अत्यंत शहाणपणाची आहे, आणि व्यवहारांत अत्यंत निरुपयोगी ठरण्याजोगीहि तीच आहे. औषधाचें शरीरांत पचन करणाऱ्या द्रव्यांत किंवा जनुकांत भारतीय लोकांपुरता कांहीं भेद असल्याचा संभव अथवा पुरावा आजच्या ज्ञानाप्रमाणें नसावा, अशी ती अट. पुरावा नसावा! जेथें कोणी पाहिलेंच नाहीं तेथें पुरावा असणार कोठून? ज्या कोठडींत कधीं दिवा नेला नाहीं, तींत साप नाहीं असा दाखला देण्यापैकींच हा प्रकार झाला. परीक्षा न केल्यामुळें भेद दिसला नाहीं, आणि भेद दिसला नाहीं म्हणून परीक्षा नको, असें हें चक्र आहे.

हा वाद दिल्लीच्या कचेऱ्यांतला, त्याच्याशीं आमचा काय संबंध, असें वाचकांतील कोणी म्हणेल. त्यांस आम्ही आर्णीस नेऊं इच्छितों. आर्णी हें यवतमाळ जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव, यवतमाळाहून नांदेडकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर अरुणावतीच्या कांठीं वसलेलें. कंबलपोष बाबांच्या दर्ग्यामुळें तें भाविकांस ठाऊक आहे, कापसामुळें व्यापाऱ्यांस. विधानसभेचा आर्णी मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठीं राखीव आहे, यावरून भोंवतालच्या वस्तीची कल्पना येईल. गोंड, कोलाम, परधान, आंध, आणि त्यांच्या शेजारीं बंजारा, कुणबी, बौद्ध, मुसलमान, असा हा मिश्र मुलूख. या मुलुखांत ‘सिकलसेल’ हा शब्द शाळेचें तोंड न पाहिलेल्या म्हातारीच्या तोंडींहि आहे. रक्तांतील तांबड्या पेशी प्राणवायु कमी पडतांच विळ्याच्या पात्यासारख्या वांकतात, बारीक वाहिन्यांत अडकून बसतात, आणि मग हातापायांत व पोटांत जी कळ उठते तिला सीमा नसते. आईबाप दोघेहि वाहक असले तर प्रत्येक अपत्याच्या बाबतींत हा रोग होण्याचा संभव चारांत एक. नीलगिरीच्या डोंगरी लोकांत १९५२ साली लेहमन व कटबुश यांनीं तो प्रथम दाखविला. १९५८ साली शुक्ल व सोळंकी यांनीं मध्य हिंदुस्थानांतील वाहकांचा वृत्तांत ‘लॅन्सेट’मध्यें दिला. पुण्याचे डॉ. काटे यांच्या पाहणींत महाराष्ट्रांतील भिल्ल, माडिया, पावरा, परधान व ओतकर या जमातींत वाहकांचें प्रमाण शेंकडा २० ते ३५ आढळलें, आणि रोग्यांची संख्या मोठी असलेल्या जिल्ह्यांच्या यादींत यवतमाळचें नांव आहे.

आतां येथें एक गंमत पाहा. अमेरिकेंत हा रोग दुर्मिळ म्हणून गणला जातो, आणि त्यावरील औषधास तेथें ‘पोरकें औषध’ अशी संज्ञा मिळते. पोरकें अशासाठीं कीं, थोड्या रोग्यांकरितां कोणी कारखानदार त्यास जवळ करीत नाहीं. त्या देशांत जें पोरकें तें आपल्या आदेशाच्या दारांतून दुर्मिळ रोगाचें औषध म्हणून आंत यावयाचें, आणि वापरलें जावयाचें तें अशा तालुक्यांत, जेथें हा रोग मुळींच दुर्मिळ नाहीं! ज्या रोगाचे रोगी येथें हजारांनीं मोजतां येतात, त्याच्या औषधाची परीक्षा येथें करणें अवघड आहे, असें कोणत्या तोंडानें म्हणावयाचें?

पण मुख्य मुद्दा रोग्यांच्या संख्येचा नाहीं. रक्ताच्या घडणीचा आहे. जन्मापूर्वीं मुलाच्या रक्तांत एक निराळें रक्तद्रव्य असतें, त्यास गर्भ-हिमोग्लोबिन म्हणतात. जन्मानंतर तें हळूहळू ओसरतें. तें जोंपर्यंत भरपूर असतें तोंपर्यंत पेशी वांकत नाहींत. सिकलसेलच्या तान्ह्या मुलांस त्रास कां होत नाहीं याचें हें कारण जॅनेट वॉटसन या डॉक्टरीणबाईंनीं १९४८ साली ओळखलें. पुढें असें दिसून आलें कीं, भारतांतील व अरबस्तानाच्या पूर्व भागांतील रोग्यांत या जनुकाच्या भोंवतालची चौकटच वेगळी असते, आणि त्या चौकटीमुळें मोठेपणींहि गर्भ-हिमोग्लोबिन आफ्रिकी वंशाच्या रोग्यांपेक्षां पुष्कळ अधिक टिकतें. ‘हायड्रॉक्सियुरिया’ हें या रोगावरील आजचें मुख्य औषध. त्याचें काम हेंच कीं, ओसरलेलें गर्भ-हिमोग्लोबिन पुन्हां वाढवावें. अमेरिका व कॅनडांतील २९९ प्रौढ रोग्यांवर झालेल्या ज्या परीक्षेनें तें मान्य केलें तिचा निकाल १९९५ साली प्रसिद्ध झाला. कळांच्या झटक्यांचें प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलें. तेथील पद्धत अशी कीं, रोग्याच्या वजनाच्या दर किलोस १५ ते २० मिलिग्रॅमपासून आरंभ करावा, वरचेवर रक्त तपासावें, आणि सोसेल तोंवर मात्रा चढवीत न्यावी.

ही पद्धत जशीच्या तशी विदर्भांत आणली असती तर काय झालें असतें? ज्याच्या रक्तांत गर्भ-हिमोग्लोबिन मुळांतच अधिक आहे त्यास तेवढी चढी मात्रा लागते काय, हा पहिला प्रश्न. आणि मात्रा चढवितांना ज्या वारंवार रक्ततपासण्या कराव्या लागतात त्या आर्णीच्या आसपासच्या पोडांतून येणाऱ्या मजूर बाईनें रोजगार बुडवून कोठें करावयाच्या, हा दुसरा. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत डॉ. दीप्ति जैन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हे प्रश्न हवेंत न सोडतां मुलांवर रीतसर परीक्षा केली. दर किलोस १० मिलिग्रॅम ही एकच मात्रा कायम ठेवली. कांहीं मुलांस औषध, कांहींस औषधासारखी दिसणारी निरुपद्रवी पुडी. २०१२ साली निकाल प्रसिद्ध झाला. कमी मात्रेनेंहि गर्भ-हिमोग्लोबिन वाढलें, कळांचे झटके व रक्त चढविण्याचे प्रसंग घटले. युगांडांत मात्र २०२० साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षेंत उलट दिसलें: तेथील मुलांना कायम मात्रेपेक्षां चढती मात्रा अधिक मानवली. औषध तेंच, रोगाचें नांव तेंच, शिकवण निराळी. परदेशचा निकाल हा आपला निकाल असें मानणाऱ्यांनीं कोणता परदेश मानावयाचा तें आधीं सांगावें. बोस्टनचा कीं कंपालाचा?

येथवर वाचून जे सुखावले असतील त्यांच्याशींहि आमचें भांडण आहे. ‘आमच्या लोकांचा सिकलसेल सौम्य असतो’ असें एक वाक्य वैद्यकीय पुस्तकांतून व सरकारी बैठकांतून बरींच वर्षें फिरत राहिलें. ओरिसांतील रोग्यांची जमेकांतील रोग्यांशीं तुलना करून १९८६ साली जो निष्कर्ष निघाला तो त्या रोग्यांपुरता बरोबरच होता. पण तो सबंध देशाच्या गळ्यांत बांधला गेला. दक्षिण गुजरातेंतील आदिवासी रोगी आणि नागपूरकडील रोगी, दोघांचीहि जनुकाची चौकट तीच, अरब-भारतीय. तरीहि गुजरातेकडे रोग बहुधा सौम्य, आणि नागपूरकडे लहान मुलें वारंवार इस्पितळांत, रक्त चढवून घेत असलेलीं. गुजरातेच्या त्या आदिवासींत आल्फा थॅलेसेमिया हा दुसरा एक वारसा फार मोठ्या प्रमाणांत आहे व तो या रोगाची धार बोथट करतो. विदर्भांत तो तितका नाहीं. म्हणजे ‘भारतीय रक्त’ अशी एकच वस्तु नाहींच. परक्या रक्तावर पारखलेलें औषध डोळे मिटून घेणें ही जितकी चूक, तितकीच वलसाडचा निष्कर्ष यवतमाळास लावणें ही चूक. सौम्यतेच्या या समजुतीनें किती मुलांचें औषध लांबणीवर पडलें असेल याचा हिशेब कोणी ठेवलेला नाहीं.

औषध व वारसा यांच्या नात्याचा धडा जगानें प्रथम घेतला तो हिंवतापाच्या औषधापासून. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकेंतील इलिनॉय प्रांतांतल्या स्टेटव्हिल तुरुंगांत कैद्यांवर हिंवतापाच्या औषधांचे प्रयोग सुरू झाले (कैद्याची ‘संमति’ ती काय असावयाची, हा निराळा विषय आहे). पुढें तेथेंच ‘प्रायमाक्विन’ दिल्यावर कांहीं कैद्यांच्या तांबड्या पेशी भराभर फुटल्या, लघवी काळसर झाली. त्यांच्या पेशींत जी-६-पी-डी नांवाचें एक द्रव्य कमी असतें, हें कारण १९५६ साली सांपडलें. हा वारसा आईकडून मुलाकडे येतो आणि पुरुषांत अधिक प्रगट होतो. आपल्या देशांत त्याचा शोध १९६३ साली मुंबईच्या पारशी समाजांत लागला. १९८४ साली एका कोळी कुटुंबांत त्याचा नवाच प्रकार सांपडला, आणि त्यास ‘कल्याण’ हें आपल्या ठाणें जिल्ह्यांतल्या गांवाचें नांव मिळालें. आदिवासींत आढळणाऱ्या आणखी एका प्रकारास ‘ओरिसा’ म्हणतात. आणि इतकें सारें ठाऊक असून, जंगलपट्टींतील रोग्यास व्हायवॅक्स हिंवतापावर चौदा दिवसांच्या प्रायमाक्विनच्या गोळ्या देतांना हें द्रव्य तपासलें जातें काय? बहुधा नाहीं. लघवी काळी झाली तर गोळ्या बंद करा, एवढें सांगितलें कीं झालें. आधीं पेशी फुटूं द्यावयाच्या आणि मग ओळखावयाचें, ही परीक्षेची रीत स्टेटव्हिलमध्यें होती. सत्तर वर्षांनंतर ती आपल्या उपकेंद्रांत असावी हें आम्हांस लाजिरवाणें वाटतें.

या प्रकारांचीं नांवें पाहून एक सोपा मार्ग सुचतो, आणि सुशिक्षितांस तो फार आवडतो: जात व जमात पाहून औषध ठरवावें. अमुक जमातीचा आला म्हणजे अमुक मात्रा. आम्ही या मार्गाचा निषेध करतों. जात ही लोकांनीं लावलेली पाटी आहे. जनुक त्या पाटीखालीं राहावयास बांधलेलें नाहीं. परधानांत वाहक अधिक असतील, तरी समोर बसलेला परधान वाहक आहे असें त्यावरून ठरत नाहीं. आणि कुणब्याच्या किंवा मुसलमानाच्या मुलास कळ येऊन तो तडफडत असतां, ‘हा तुमचा रोग नव्हे’ म्हणून त्याची तपासणी टाळली तर तो अन्याय दुसऱ्या बाजूचा. शिवाय ज्या समाजांना पिढ्यान्‌पिढ्या रक्तावरून हिणवलें गेलें, त्यांच्या कपाळीं आतां विज्ञानाच्या शाईनें तीच खूण उमटविणें आम्हांस मान्य नाहीं. प्रत्येकाची तपासणी करावी. ती आज पूर्वींइतकी महाग राहिलेली नाहीं.

आदेश निघाल्यापासून सात आठवड्यांच्या आंत काय घडलें तें माफीच्या पुरस्कर्त्यांनीं विसरूं नये. ‘व्हॉक्सेलोटर’ हें सिकलसेलवरील नवें औषध अमेरिकेंत नोव्हेंबर २०१९ मध्यें संमत झालें होतें. रक्तांतील हिमोग्लोबिनचा आंकडा त्यानें वाढतो, एवढ्या आधारावर. आंकडा वाढला म्हणजे कळा कमी होतील, आयुष्य वाढेल, हें गृहीत धरलें होतें. सिद्ध व्हावयाचें होतें. पुढील परीक्षा आफ्रिकेंतील व इतर देशांतील रोग्यांवर झाल्या, आणि औषध घेणाऱ्यांत मृत्यु व कळांचे झटके अधिक दिसले. २५ सप्टेंबर २०२४ रोजीं कंपनीनें तें औषध साऱ्या जगांतून मागें घेतलें. त्यांत जनुकांचा वांटा किती आणि हिंवतापासारख्या स्थानिक रोगांचा किती, यावर पंडित वाद घालोत. आम्हांस त्यांतून घ्यावयाचें तें एवढेंच कीं, एका मुलुखांतील रोग्यांवर सुरक्षित दिसलेलें औषध दुसऱ्या मुलुखांत गेल्यावरच आपलें खरें रूप दाखवितें. त्या दुसऱ्या मुलुखांत परीक्षाच झाली नसती तर? औषध बाजारांत राहिलें असतें, आणि मरणारे आपल्या नशिबानें मेले असें मानलें गेलें असतें.

जनुकांवरच चालणाऱ्या नव्या उपचारांत तर हा प्रश्न अधिकच टोंकदार होतो. डिसेंबर २०२३ मध्यें अमेरिकेनें ज्या उपचारास संमति दिली त्यांत रोग्याच्या मज्जेंतील पेशी बाहेर काढून, गर्भ-हिमोग्लोबिन दाबून धरणारी जनुकाची कळ कात्रीसारख्या साधनानें कापतात. किंमत सुमारें २२ लाख डॉलर. ती तूर्त बाजूस ठेवूं. परीक्षेंतील ३० रोग्यांपैकीं २९ जण निदान वर्षभर तीव्र झटक्यांपासून मुक्त राहिले, हें यश थोर आहे, आणि तें थोर नाहीं असें म्हणणारा करंटा. पण ते रोगी बहुतांशीं आफ्रिकी वंशाचे होते. कात्री नेमकी कोठें चालावी हें अक्षरांच्या एका ओळीवरून ठरतें. मनुष्यामनुष्यांत तीं अक्षरें थोडथोडीं बदलतात, आणि त्यामुळें भलत्या ठिकाणींहि कात्री लागूं शकते. आफ्रिकी वंशांत आढळणारा असाच एक अक्षरभेद या कात्रीस भलती जागा दाखवितो, हें २०२३ साली संशोधकांनीं दाखवून दिलें. त्यांनीं तो शोधला म्हणून सांपडला! गोंडांच्या, कोलामांच्या, आंधांच्या अक्षरांत असें कांहीं आहे कीं काय, हें शोधण्यापूर्वींच ‘भेदाचा पुरावा नाहीं’ असा शेरा मारून उपचार आंत घेण्याची सोय आपण करून ठेवली आहे. आणि ज्याचें गर्भ-हिमोग्लोबिन मुळांतच बरें आहे, त्यानें मज्जा जाळून टाकणाऱ्या औषधांचा धोका पत्करून किती लाभ मिळवावयाचा, हाहि हिशेब येथेंच मांडावा लागेल. दिल्लीच्या प्रयोगशाळेनें नोव्हेंबर २०२५ मध्यें स्वदेशी जनुक-उपचार जाहीर केला व त्यास बिरसा मुंडांचें नांव दिलें. नांव उत्तम आहे. आमचें मागणें एवढेंच कीं, बिरसांच्या भाऊबंदांचें रक्त त्याच्या परीक्षेंत आधीं असावें, जाहिरातींत नंतर.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो आम्ही हलका मानीत नाहीं. परीक्षा म्हणजे गरिबांवर प्रयोग. तुम्ही आदिवासींस सशांच्या पिंजऱ्यांत घालूं पाहतां काय? २००९ साली आंध्रांतील खम्मम जिल्ह्यांत व गुजरातेंत मुलींना टोंचलेल्या लशीच्या प्रकरणीं २०१३ साली संसदीय समितीनें जे ताशेरे झाडले ते आमच्या स्मरणांत आहेत. आईबापांच्या सहीऐवजीं वसतिगृहाच्या चालकांच्या सह्या घेतल्या गेल्या होत्या. त्याच भीतीनें अनेक सज्जन म्हणतात, परीक्षाच नको. पण परीक्षा टाळल्यानें प्रयोग टळत नाहीं. तो फक्त नोंदीवांचून होतो. न पारखलेलें औषध आर्णीच्या मुलास दिलें म्हणजे तो प्रयोगच आहे, मात्र त्यांत संमतिपत्र नाहीं, देखरेख नाहीं, नुकसानभरपाई नाहीं आणि निकालहि नाहीं. रीतसर परीक्षेंत निदान या चार गोष्टींवर हक्क सांगतां येतो. संमति गोंडींत, कोलामींत, बंजारा बोलींत समजावून घ्यावी, नाहीं म्हणणाऱ्याचा पुढील उपचार तिळमात्र अडूं नये, आणि औषध लागू पडलें तर परीक्षा संपल्यावर तें त्यास विनामूल्य चालू राहावें. या अटी घालावयाच्या सोडून परीक्षाच सोडून देणें, हें दुखरें बोट तोडण्यासारखें आहे.

हें काम आपल्यास झेपण्यासारखें नाहीं, असें तरी कोणी म्हणूं नये. १९५६ साली मद्रासेस क्षयरोगाच्या उपचारांसाठीं जें केंद्र निघालें, त्यानें ‘आयसोनियाझिड’ हें औषध कांहीं रोग्यांच्या शरीरांत झपाट्यानें निष्प्रभ होतें व कांहींच्या शरीरांत सावकाश, हें हिशेबांत घेऊनच आपल्या उपचारांची पारख केली. आठवड्यांतून एकदां औषध देण्याची सोयीची रीत झपाट्यानें पचविणाऱ्यांस पुरी पडत नाहीं, हें त्यांस त्यामुळेंच कळलें. त्या वेळीं जनुकें वाचण्याचीं यंत्रें नव्हतीं. रोग्याची लघवी तपासून हा भेद ओळखीत. आज दहा हजार भारतीयांचीं जनुकें अक्षरशः वाचून झालीं आहेत व जानेवारी २०२५ मध्यें ती माहिती संशोधकांस खुली झाली. पण जनुकांची वही एका कपाटांत आणि औषधांच्या परिणामांची वही दुसऱ्या कपाटांत. दुसरी वही तर पुष्कळ ठिकाणीं लिहिलीच जात नाहीं. १ जुलै २०२३ रोजीं शहडोल येथें सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेनें ७ कोटि लोकांच्या तपासणीचा व २०४७ पर्यंत रोगाच्या निर्मूलनाचा संकल्प केला आहे. तपासणी व्हावीच. परंतु ज्याच्या हातीं कार्ड पडलें त्याला कोणतें औषध, किती मात्रेंत मिळालें आणि त्याचें पुढें काय झालें, हें त्या कार्डावर लिहिण्याची जागा कोठें आहे?

आमच्या मागण्या फार नाहींत. ७५ व्या नियमांतील अट उलटी करावी: भेद नाहीं असा पुरावा औषध आणणाऱ्यानें द्यावा, आणि तो येथील रक्त तपासून द्यावा. सिकलसेलवरील कोणत्याहि नव्या औषधास परीक्षेची माफी देतांना हा रोग येथें दुर्मिळ नाहीं हें ध्यानांत धरावें. प्रायमाक्विनपूर्वीं जी-६-पी-डीची तपासणी तालुक्याच्या इस्पितळांत व्हावी. आणि यवतमाळ, नागपूर व चंद्रपूर येथील वैद्यकीय महाविद्यालयांनीं हायड्रॉक्सियुरिया घेणाऱ्या प्रत्येक रोग्याची मात्रा, गर्भ-हिमोग्लोबिन, आल्फा थॅलेसेमिया व वर्षांतील झटके यांची एक सामायिक नोंद आजपासून ठेवावी. या शेवटच्या कामास दिल्लीच्या परवानगीची गरज नाहीं. लागतो तो एक कारकून आणि महिन्याच्या बाह्यरुग्ण विभागांतला एक दिवस.